लीलाबाईंचे वाणी

भूम हे कोरडं गाव. चैत्र सरला की आडावर घागरींच्या रांगा लागायच्या आणि रांगेत भांडणं लागायची. अशा गावात ज्याच्या घराला ओल आहे त्याने खरं तर मिरवायला हवं. पण लीलाबाईंच्या मागच्या खोलीतली ओल त्यांच्या डोक्यात बसली होती. "गावाला प्यायला पाणी न्हाई, आणि माझ्या खोलीत भात लावावा इतकी ओल," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. आवाज असा, की पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटक चाललं असतं तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कान टवकारावे लागले नसते.

त्या तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या लेक. माहेर उंचावर, दगडी, खडखडीत. लग्न झालं ते मार्तंडरावांशी, तहसिलीतल्या कारकुनाशी. निजामाच्या राज्यात मार्तंडरावांनी उर्दूत कागद लिहिले, नंतर मराठीत लिहू लागले. राज्य बदललं, लिपी बदलली, मार्तंडरावांचा आवाज काही चढला नाही. घरात चढायला एकच आवाज होता आणि तो पुरेसा होता.

त्या साली श्रावणात तो जरा जास्तच चढला होता, कारण शामला बाळंतपणाला येणार होती.

शामला ही एकुलती एक लेक, ईट गावी दिलेली. पहिल्या खेपेला सासूने तिला माहेरी धाडलंच नाही. आमच्याकडं रीत न्हाई, म्हणाली. कळा सुरू झाल्यावरही सुईणीला उशिरा बोलावलं, आणि पोर रडलं ते एकदाच. लीलाबाई ईटला पोचल्या तेव्हा अंगणात पाणी तापत होतं, पण अंघोळ घालायला लेकरू नव्हतं. व्याहीणबाई नुकत्या सारवलेल्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "देवाची मर्जी." लीलाबाई काही बोलल्या नाहीत. लेकीला त्याच घरात राहायचं होतं. तो न बोललेला शब्द त्यांच्या घशात वर्षभर अडकून होता, आणि तो अडकला होता म्हणूनच बाकीचे सगळे शब्द इतक्या जोराने बाहेर पडत होते.

या खेपेला शामला माहेरी येणार हे त्यांनी ठरवून टाकलं. घरात खोल्या दोन. पुढची येण्याजाण्याची. म्हणजे बाळंतिणीची बाज मागच्या खोलीतच पडणार. आणि मागच्या खोलीत वाणी होते.

वाणी म्हणजे तो तांबूस काळा किडा, ज्याचे पाय मोजता येत नाहीत आणि बोट लावलं की जो पैशासारखा गोल होऊन पडतो. कुणी त्याला पैसाच म्हणतात. तो बिचारा चावत नाही. पण जिथं ओल तिथं तो, आणि जिथं तो तिथं घोणही येते. घोण मात्र चावते. पाऊस लागल्यापासून वाणी भिंतीच्या बुडातून निघत, अंथरुणावर चढत, पाटाखाली वेटोळी करून बसत. एक तर देवाच्या ताम्हणात सापडला.

सकिनाबी सुईण खोली बघायला आली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे ती कुणालाही अरेतुरे करायची. तिने बाजेची जागा पाहिली, पोतं उचललं, आणि खालून चकचकीत तपकिरी घोण सळसळत कोपऱ्यात गेली.

"लीला, ये खोली में नक्को," सकिनाबी म्हणाली. "तान्ह्याच्या कानात शिरली तर मला बोल लावशील. कोरडी कर, न्हाई तर लेकीला ईटलाच राहू दे."

ईटचं नाव निघालं आणि लीलाबाईंनी पदर खोचला.

त्यांनी जे जे करायचं ते सगळं केलं. लिंबाचा पाला जाळून धुरी दिली. वाणी राहिले, मार्तंडराव खोकत ओसरीवर गेले. राख टाकली, चुना टाकला. हिवतापवाले फवारा मारून गेले होते, तर त्याचा वास जाईना म्हणून लीलाबाईंनी दुसऱ्याच दिवशी भिंतीला कमरेइतकं शेण फिरवलं. आणि रोज सकाळी खोली सारवली. एकदा सारवून मन भरेना तेव्हा संध्याकाळी पुन्हा. सारवलेल्या जमिनीवर किडा थांबत नाही, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. ताजं शेण शेजारच्या घरून यायचं. हणमंतप्पांचं पुढं किराण्याचं दुकान होतं आणि मागं गोठा, तो नेमका या खोलीच्या भिंतीला लागून. त्यांची बायको तारामती घमेलं भरून शेण भिंतीवरून द्यायची आणि दोन घटका बोलून जायची.

एवढं सारवूनही वाणी हटेनात, तेव्हा लीलाबाईंच्या मते दोषी कोण ते उघड होतं. गोठा. गाईचं मूत भिंतीत मुरतं, ओल इकडं येते, ओलीबरोबर वाणी येतात. रोज त्याच गोठ्याचं शेण आपण स्वतः कालवून आत आणतो, हे त्यांच्या हिशेबात कुठं आलंच नाही.

आणि मग तो सकाळचा प्रवेश घडला.

लीलाबाई अंगणात एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा घेऊन उभ्या होत्या. आदल्याच दिवशी हणमंतप्पांच्या दुकानातल्या तुरीच्या डाळीत खडे निघाले होते, आणि सूप आपटून ती बातमी त्यांनी अख्ख्या आळीला दिली होती. आता त्या एकट्याच बोलत होत्या, म्हणजे तीन घरांना ऐकू जात होतं.

"लई माजलेत वाणी. आता एकालाबी सोडत न्हाई."

अंगणातल्या भिंतीवर हणमंतप्पांचं डोकं उगवलं. भिंत उंच, त्यामुळे त्यांना लीलाबाईंचंही फक्त डोकंच दिसत होतं. चिमटा दिसला असता तर पुढचं टळलं असतं.

"वैनी," ते म्हणाले, "काय असंल ते तोंडावर बोला."

"तोंडावरच बोलते अप्पा. जिथं अंधार दिसंल तिथं शिरतात, जिथं ओल दिसंल तिथं पसरतात."

"कुणाच्या घरात शिरले?"

"माझ्या. तुमच्या ह्याच भिंतीतून. आणि एकटे न्हाईत, सगळं खानदान घेऊन."

हणमंतप्पा लिंगायत वाणी. त्यांचे आजोबा दुकान घेऊन या आळीत आले तेव्हा लीलाबाईंच्या या भाड्याच्या घराचा पायाही खोदला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला.

"मग काय करायचं म्हणता?"

"एकेकाला धरून रॉकेलात बुडवते. कालपासून सुरुवात केलीच हाय."

हणमंतप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "बरं झालं, कळलं," एवढंच म्हणाले आणि त्यांचं डोकं मावळलं.

लीलाबाईंना वाटलं, गोठ्याची चूक माणसाने कबूल केली. दुसऱ्या दिवशी घमेलं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आडावर तारामतीने त्यांना पाहून घागर दुसऱ्या बाजूने सोडली. लीलाबाईंनी संध्याकाळी सगळा संवाद मार्तंडरावांना जसाच्या तसा, दोघांच्या आवाजांत करून दाखवला. मार्तंडराव ऐकता ऐकता इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पंचवीस वर्षांच्या संसारात ते असे हसले नव्हते.

"अगं, तू किड्याला बोललीस. त्यांनी जातीवर घेतलं."

हे ऐकून दुसरी कुणी शरमली असती. लीलाबाई भडकल्या. आपण किड्याला किडा म्हणालो, त्यात आपली चूक ती काय? माणसाने आपलं नाव ऐकून किड्याच्या रांगेत जाऊन उभं राहायचं कशाला? जाऊन समजूत काढा, असं मार्तंडराव दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा त्यांच्या ताटात भाकरी आपटली गेली.

पण शेण बंद झालं ते झालंच. दुसऱ्या दारी घमेलं घेऊन जाणं पुजाऱ्याच्या लेकीला जमेना. पावसाळ्यात गुरं रानात, वाटेवरचं शेण चिखलात. खोली पारोशी राहिली. उंबऱ्यापुरतं तरी सारवायला हवं म्हणून त्या गल्लीतून मिळेल तेवढं चिमूटभर आणून उंबऱ्यालगत हात फिरवायच्या. बाकीची जमीन उघडी पडली, फुटली, पोपडे आले, चालताना धूळ उडायला लागली. शामला आली तर बघून काय म्हणेल? ईटची व्याहीण काय म्हणेल? लीलाबाई रोज त्या जमिनीकडे बघायच्या आणि भिंतीपलीकडच्या गाईलाही चार शब्द सुनवायच्या.

असे काही दिवस गेले. एका सकाळी त्या डबा-चिमटा घेऊन खोलीत शिरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पोत्याखाली वाणी नव्हता. भिंतीच्या बुडाला नव्हता. बाजेच्या पायाशी नव्हता. पोतं झटकलं, धूळ पडली.

रॉकेलाचा गुण, त्यांना वाटलं. मग नजर उंबऱ्याकडे गेली.

उंबऱ्यालगत, जिथं त्या रोज शेणाचा ओला हात फिरवत होत्या, तिथं सगळे होते. खोलीभर पसरलेलं ते खानदान त्या हातभर ओल्या पट्ट्यावर गोळा होऊन निवांत बसलं होतं.

लीलाबाई उंबऱ्याशी बसल्या. कोरड्या जमिनीवर तळहात ठेवला. मग ओल्या पट्ट्यावर ठेवला. एक वाणी त्यांच्या बोटाला लागून गोल झाला.

पावसाळी हवेत दोन वेळा सारवलेली ती जमीन कधी वाळलीच नव्हती. चुना शेणाखाली गेला, राख शेणाखाली गेली, हिवतापवाल्यांचा फवाराही शेणाखाली गेला. ओल गोठ्यातून येत नव्हती. ती घमेल्यातून येत होती आणि हात त्यांचाच होता. आता राग काढायचा कुणावर हे कळेना, म्हणून त्यांना जास्तच राग आला. त्यांनी कोपऱ्यातलं आपलं रिकामं घमेलं उचललं आणि अंगणात भिरकावलं. मार्तंडराव वाती वळत होते, त्यांनी मान वर केली नाही.

उंबऱ्याचं सारवणं थांबलं. मागच्या भिंतीला टेकून रचलेली लाकडं उचलली, पागोळीचं पाणी भिंतीत मुरू नये म्हणून मार्तंडरावांकडून चर खणून घेतला. पोपड्यांवर कोरडी माती चोपली, बुडाला चुना भरला. आता चुन्याने आपलं काम केलं. सकिनाबीने अनवाणी फिरून जमीन पाहिली आणि म्हणाली, "अब ला लेकीला."

भाद्रपद संपता संपता शामला एसटीतून उतरली. आईच्या गळ्यात पडून रडली नाही. पोटावर हात धरून सरळ घरात आली आणि बाजेवर बसली. तिच्याकडे बघून लीलाबाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तारामती उभी. डोक्यावर घमेलं, शिगोशिग भरलेलं, ताजं. इतक्या दिवसांचा अबोला, पण शेजारी लेक बाळंतपणाला आलेली. तिला राहवलं नव्हतं.

"वैनी, मोठी माणसं काय बोलायची ती बोलली असतील," ती खाली बघत म्हणाली. "बाळंतिणीची खोली पारोशी ठेवू नये. शेण आणलंय. मी सारवून देते."

लीलाबाई दार अडवून उभ्या राहिल्या. ज्या घमेल्यासाठी त्या इतके दिवस जळल्या ते समोर होतं. घेतलं तर वाणी परत. परत पाठवलं तर तारामती या दारात पुन्हा चढणार नाही. मागं बाजेवर शामला.

"हे आत येणार न्हाई," त्या म्हणाल्या.

तारामतीचे डोळे भरले. ती वळली.

"थांब. घमेलं घेऊन कुठं निघालीस?" लीलाबाईंनी तिचं मनगट धरलं. तिला तशीच खोलीत ओढून नेलं, भिंतीच्या फटीतून चिमट्याने एक उरलेला वाणी काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. "हा वाणी. ह्याला बोलत हुते मी. तुझ्या नवऱ्याला न्हाई. तुझ्या नवऱ्याला फक्त डाळीतल्या खड्यांवरनं बोलले आणि ते अजून मागं घेतलेलं न्हाई."

तारामती आधी किड्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. बाजेवरून शामलाही हसायला लागली. वर्षभरात लेकीचं हसू लीलाबाईंनी ऐकलं नव्हतं.

शेणाचं काय करायचं ते मग ठरलं. भादव्याचं कडक ऊन पडलं होतं. दोघींनी मिळून हणमंतप्पांच्या गोठ्याच्या उन्हाकडच्या भिंतीवर गोवऱ्या थापल्या. बाळंतिणीच्या शेगडीला कोरडी गोवरी लागतेच. जे शेण खोली भिजवत होतं तेच आता खोली शेकणार होतं. हणमंतप्पा दुकानातून मागं डोकावले. काय झालं ते तारामतीने सांगितलं असावं, कारण ते मिशीत हसत होते.

"वैनी, किती वाणी बुडवले आज?"

"एकच उरलाय," लीलाबाई गोवरी थापत म्हणाल्या. "लई जाड हाय, डब्यात मावत न्हाई."

आश्विनात शामलाला मुलगा झाला. रडला, आणि रडतच राहिला. बारशाला ईटहून व्याहीणबाई आल्या. नातवाला पाहण्याआधी त्यांनी खोलीची जमीन पाहिली. पायाचा अंगठा मातीवर घासून म्हणाल्या, "सारवायला शेणबी मिळत न्हाई का तुमच्या भूमला?"

तारामती पाळण्याची दोरी धरून थांबली. मार्तंडरावांनी चष्मा काढला. लीलाबाईंच्या घशात वर्षभर अडकलेला शब्द हलला. तो मोठ्याने येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो अगदी हळू आला.

"तुमची ओसरी लई चांगली सारवलेली हुती, व्याहीणबाई. त्या दिवशी मी आले तेव्हा वलीच हुती." त्यांनी पाळण्यातून नातू उचलला आणि व्याहिणीच्या ओटीत ठेवला. "माझी पारोशी हाय. लेकरू बघा."