नऊ उशांचं भांडण

होयआन गावच्या नदीकाठी संध्याकाळी बाय-चोयचा, म्हणजे गाण्यातून पत्ते पुकारायचा, खेळ मांडला, की गायिका स्वेन जोडीदार गायक चोंगशी भांडायला उभी राहायची. लोक बांबूच्या खोपटांत बसत, प्रत्येकाच्या हाती तीन पत्ते चिकटवलेली लाकडी पट्टी. स्वेन नळकांड्यातून एक पत्ता उपसायची, पण नाव लगेच सांगेल तर ती स्वेन कसली! आधी ओळी गायच्या, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, आणि अगदी शेवटी नाव फोडायचं. ज्याचे तिन्ही जुळले तो "तोय!" म्हणून ओरडे आणि बक्षिसाचा कंदील घेऊन घरी जाई. परदेशी पाहुण्यांना शब्द कळत नसत. पण नवरा-बायकोची जुंपली आहे हे कळायला भाषा कशाला लागते?

नवरा-बायको ती फक्त खेळातली. स्वेनचा खरा नवरा होडी चालवायचा आणि घरी आला की "हं" याच्या पलीकडे बोलायचा नाही. चोंगची खरी बायको थोआ बाजारात मक्याची खीर विकायची. पण स्वेननं टोमणा मारला की चोंग असा काही उलटा टोला हाणायचा, की ढोलकीवाले ताम काकासुद्धा ठेका चुकायचे. हे सगळं त्याला ऐनवेळी सुचतं, अशी स्वेनची पक्की समजूत होती. आपल्या शब्दाला शब्द देणारा एक माणूस जगात आहे, आणि हे भांडण तरी फक्त आपलं आहे, एवढ्यावर तिची अठरा वर्षं सुखात गेली.

मग चोंग अंगणात बसल्या जागी गेला. थोआनं डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधली. अंत्ययात्रेत स्वेन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घोळक्यात मागे चालली. खेळातल्या बायकोला कोण सुतक देणार? तिला रडू आलं नाही. दात काढण्याआधी सुई टोचतात ना, तसं सगळं अंग बधिर झालं होतं. ती भात शिजवत होती, कामावर जात होती, सुरात गात होती.

"बाई, सूर लागतोय, पण गातंय कोण?" ताम काकांनी एकदा विचारलंच. "तू की तुझ्या हातातलं नळकांडं?"

"नळकांड्याला पगार देत नाहीत, काका," ती म्हणाली. हसू मात्र आलं नाही.

चोंगच्या जागी हिएन नावाचा गायक आला होता. गळा गोड, पण भांडणाचं अंग नाही. म्हणून स्वेन एकटीनंच सगळ्या ओळी गायची. एका संध्याकाळी थोआ डोक्यावरची पांढरी पट्टी तशीच ठेवून कडेच्या खोपटात येऊन बसली. सुतकात खेळाला! बायका कुजबुजल्या. स्वेननं पाहिलं आणि नळकांड्यात हात घातला. पत्ता निघाला नऊ उशांचा.

*"नऊ उशा मी शिवल्या बाई, दारी ठेवला दिवा,*
*धनी माझा घोरत पडे, मला झोपेचा हेवा..."*

आणि ती थांबली. सवयीनं डावीकडे वळली, जिथे चोंग उभा राहायचा. हिएन गोंधळून बघत राहिला. ताम काकांचा हात ढोलकीवर अधांतरी राहिला. तेवढ्यात कडेच्या खोपटातून बेसूर, पण ठणठणीत आवाज आला:

*"उशा नऊ, पण जीभ दहा हात, झोपू तरी कसा?*
*दहावी उशी कानांवर दे, घेईन विसावा जरासा!"*

शब्द न् शब्द चोंगचा. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, खेळच असा आहे. स्वेननं कसंबसं "नऊ उशा!" म्हणून नाव पुकारलं.

खेळ आटोपल्यावर ती थोआपाशी जाऊन उभी राहिली. "तुला कसं गं येतं ते?"

"मला नाही येणार तर कुणाला? रोज दुपारी तालीम करायचा माझ्यासमोर. तुझ्या ओळी मी म्हणायची, उत्तरं तो द्यायचा. निम्मी उत्तरं तर मीच जुळवलेली. मेल्याला यमक कुठं जुळत होतं!"

स्वेन तिच्या शेजारी बसली. म्हणजे भांडणसुद्धा हिचंच होतं. आता राग यायला हवा, असं तिला वाटलं. आला नाही.

"मग सुतकात इथं कशाला आलीस? लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत." थोआनं पट्टी नीट केली. "दुपार झाली की तुझी ओळ तोंडात येते गं. म्हणते. आणि उत्तर येत नाही."

नदीवर होड्या हलत होत्या. स्वेन थोआकडे वळली. मग म्हणाली, "म्हण."

"काय?"

"माझी ओळ. म्हण तू."

थोआनं ती हळू आवाजात म्हटली. स्वेननं घसा खाकरला आणि चोंग देई तसं, कमरेवर हात ठेवून, उत्तर दिलं. थोआ आधी हसली, मग तोंडात पदराचा बोळा कोंबल्यासारखी दोन्ही हात ओठांवर दाबून हमसून हमसून रडायला लागली. स्वेननं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. ती वाट बघत बसली.