जेवल्यावर नाडी पाहत नाहीत

वैद्याला स्वतःची नाडी कळत नाही, असं माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं. बोटं आपली, मनगटही आपलंच, मग बोटांना तेच लागतं जे आपल्याला हवं असतं. म्हणून वैद्य आजारी पडला तर त्यानं दुसऱ्याला हात दाखवावा. वडिलांचं ठीक होतं, कारण त्यांना मी होतो. मला कोणी नव्हतं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली, मूलबाळ झालं नाही, आणि सुलतानपुरात वैद्य म्हणून मी एकटाच.

गावात मान होता, नाही असं नाही. पण गावाला वैद्य दुखण्यापुरताच लागतो. बरा झालेला माणूस रस्त्यात मला पाहून दुसरीकडे बघायचा. मी दिसलो की त्याला आपली मोडशी आठवायची. लग्नाच्या मांडवात जरा लवकर पोचलो की कोणीतरी घाबरून विचारायचं, "काऊन वैदबुवा, कोण बिमार पडलं?" जेवायला आलोय बाबा, असं सांगावं लागायचं. मंडळी हसायची, आणि पंगतीत शेजारी बसलेला इसम पहिल्या घासाबरोबर आपल्या पित्ताची हकीकत सुरू करायचा. दिवसभर लोकांची मनगटं माझ्या हातात असत. माझ्या हाताला मात्र कोणी हात लावत नसे. ह्याचं मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं ह्याचा रागही यायचा. तो राग मी खलावर काढायचो. माझी चूर्णं बारीक असतात अशी जी ख्याती होती, ती त्यामुळे.

आमच्या रानात जे मिळत नाही ते आणायला मी बाजाराच्या दिवशी मेहकरला चालत जायचो. पिंपळी, ज्येष्ठमध, नागकेशर असला सुका माल तिथे एका दुकानात येई. त्याच दुकानात एकदा एका म्हाताऱ्या हकिमांशी माझं भांडण झालं. चांगला ज्येष्ठमध थोडाच उरला होता आणि दोघांनाही तोच पाहिजे होता. दुकानदार कंटाळला, त्यानं अर्धा अर्धा करून दिला. बाहेर आल्यावर हकीमसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"वैदराज, तुमचा रंग काही ठीक दिसत नाही. तुमची नब्ज कोण पाह्यते?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"माहीबी कोणी पाह्यत नाही. चला घरी."

त्यांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेरच्या खोलीत बरण्यांची फळी, खाली एक जाजम. पण चालून आलेल्या माणसाची नाडी लगेच पाहत नाहीत, रक्त निवावं लागतं. म्हणून त्यांनी मला बसवून ठेवलं. माझ्यासाठी शेजारच्या वाण्याकडून पाण्याचा तांब्या मागवला. पुढे तो तांब्या यायचा बंद झाला आणि मी त्यांच्याच घरचं पाणी पिऊ लागलो. गावात कोणाला सांगितलं नाही एवढंच. रक्त निवेपर्यंत आम्ही बोलायचो. खरं सांगायचं तर माझं आठवड्याचं सगळं बोलणं त्या बसण्यात होई. मग ते माझं मनगट घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि माझ्या अंगात काय चाललंय ते शांतपणे ऐकत राहायचे. मग मी त्यांचं घ्यायचो.

"कफ वाढला. दही सोडा," ते म्हणायचे.

"दही नाही सोडत मी. तुमचं पित्त भडकलं. तुमी मिर्ची सोडा."

"मिर्ची सोडून जगू कायले?"

दोघांपैकी कोणीच कधी काही सोडलं नाही. असं बरीच वर्षं चाललं. मेहकरचा रस्ता मला जाताना जवळचा वाटे आणि येताना लांबचा.

एका दिवाळीनंतरची गोष्ट. त्यांनी माझी नाडी पाहिली, मी हात पुढे केला, तर ते म्हणाले, "आज राहू द्या. आत्ताच जेवलो." जेवल्यावर नाडी पाहत नाहीत, हा आमच्या दोघांच्याही शास्त्रातला नियम. मी हात मागे घेतला. पुढच्या बाजारी पुन्हा जेवण झालेलं. त्याच्या पुढच्या बाजारी नुकतीच अंघोळ झाली होती, अंघोळीनंतरही पाहत नाहीत. मग अंगाला तेल लावलेलं. मग झोपेतून उठलेले. ज्या ज्या वेळी नाडी पाहू नये असं शास्त्रात सांगितलंय, त्या सगळ्या वेळा हकीमसाहेबांनी माझ्या येण्याशी जुळवून आणल्या. माझी मात्र न चुकता पाहायचे, दह्यावरून बोलायचे.

त्याच सुमारास मेहकरच्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, हा डॉक्टरही तिकडूनच बदलून आलेला. गळ्यात नळी, हातात घड्याळ. अर्धं मेहकर त्याच्याकडे लोटलं होतं. माझ्या डोक्यात काय यायचं ते आलंच. माझ्या बोटांवरचा ह्यांचा विश्वास उडाला, दुसरं काय!

"त्या नळीवाल्याले हात दाखवून राह्यले का तुमी?" मी एकदा तोंडावर विचारलं.

ते हसले. "हाव. तसंच समजा."

मी पिशवी उचलली आणि चालू लागलो. त्या दिवशी माझा हातही त्यांना दिला नाही. पुढच्या बाजारी मुद्दाम गल्ली टाळली, दुकानातून माल घेतला आणि परस्पर परत फिरलो. वाटेत नदीकाठी भाकरी सोडली तेव्हा लक्षात आलं की आज कोणाशीच दोन शब्द बोललो नाही. दुकानदाराशी बोललो ते वजनाचं. घरी जाऊन दार उघडलं, दिवा लावला, आणि इतकं एकटं वाटलं की त्या म्हाताऱ्याचा राग करणं मला परवडणारं नाही हे मुकाट्यानं मान्य केलं.

मग रमजान लागला. मी मनातल्या मनात खूश झालो. आता दुपारी जेवलो म्हणायची सोय नाही! आता कुठे जातील? उपाशी पोटीही नाडी पाहत नाहीत, हे ते म्हणणार, हे मला ठाऊक होतं. त्यावर काय बोलायचं ते मी वाटेनं घोकत गेलो. आज हात घेतल्याशिवाय उठायचंच नाही, असं ठरवून गल्लीत शिरलो.

हकीमसाहेब भिंतीला टेकून बसले होते. ओंजळीत काढ्याचा वाडगा होता आणि ते तो पीत होते. भर दुपारी.

आदल्या वर्षी हे गृहस्थ हिवतापानं फणफणले होते, तरी रोजा सोडायला तयार नव्हते. मी ओरडलो होतो, तुमच्या धर्मानंच आजाऱ्याला माफी दिलीय ना, मग? तर मलाच दटावून म्हणाले होते, माफी लागेल इतका बिमार मी अजून झालो नाही. तेच आता माझ्यासमोर वाडगा खाली ठेवत होते. त्यांची दाढी ओली होती. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. घोटे सुजलेले होते. नाडीला हात न लावता मला सगळं कळलं, आणि घोकून आणलेली वाक्यं फुकट गेली.

"चालून आले. बसा, रक्त निवू द्या," ते म्हणाले.

"मी बसतो. तुमी हात द्या."

या वेळी त्यांनी दिला. बोटांखाली नाडी बारीक लागत होती, मधेच थांबत होती. पुन्हा लागेपर्यंत मी मनात आकडे मोजत होतो.

"कळलं?"

"हाव."

"मले दिवाळीपासून ठाव हाय. पाय सुजते, दोन पावलं चाललं की छाती भरून येते. त्याले नब्ज कायले पाह्यजे?"

"मंग सांगतलं काऊन नाही?" माझा आवाज चढला. "मले वाटलं, तुमी त्या डॉक्टराकडे जाऊन राह्यले."

"वाटू देलं. रुसलेला माणूस भांडते तरी. सांगतलं असतं तर दर बाजारी रडकं तोंड घेऊन आले असते तुमी. रडणारे माह्या घरात लय हायेत. मले भांडणारा वैद पाह्यजे होता."

मी भांडणार होतो. पण त्यांनी हात पुढे केला.

मग त्यांनी माझं मनगट घेतलं. डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी फार वेळ घेतला. आतून सून डोकावून गेली, बाहेर कोणीतरी औषधासाठी हाक मारून थांबलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा तोंडभर हसले. दह्याचं नाव काढलं नाही.

"लय पक्की नब्ज हाय. शंभर वर्षं जगतं तू, लेका. तुले काई होत नाही."

याहून चांगलं निदान कोणी कोणाला सांगत नाही. कितीतरी लोकांना ते सांगून मी त्यांच्या बायकामुलांना हसताना पाहिलंय. मी मात्र ते ऐकलं आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. रडकं तोंड नको म्हणणाऱ्या माणसासमोरच रडलो.

"मंग माही नाडी कोण पाहीन?" मी विचारलं.

 त्यांनी माझा हात सोडला नाही. बसल्या बसल्या संध्याकाळ झाली, मशिदीतून रोजा सोडायची हाक आली, घरातली माणसं खजूर घेऊन बाहेर आली, आणि आम्ही दोघं तसेच बसलेले पाहून पुन्हा आत गेली.

ईदेला ते नव्हते. माझं वय आता त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलंय. दात गेले, कान गेले, मेहकर पायी जमत नाही. बाकी सगळं ठीक आहे. रोज सकाळी जाग येते तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या मला त्यांचा राग येतो. त्यांचं निदान बरोबर होतं.