‘मी आहे ना’ म्हणणारे सर

“मी आहे ना,” असं म्हणून ते उपरण्याचं टोक खांद्यावर टाकत, आणि तेवढ्यात समोरच्या माणसाची काळजी त्यांची होऊन जाई. शिपायाची बायको आजारी पडो की नव्या लेक्चररला वर्गाची धास्ती वाटो, उत्तर एकच. तो नवा लेक्चरर मीच. सांगलीच्या कॉलेजात मी रुजू झालो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, आणि सर तिथे संस्कृत शिकवता शिकवता पिकले होते.

तुमच्यापैकी कुणी त्या काळी कॉलेजात असेल तर आठवेल, मुली एकट्या वर्गात जात नसत. लेडीज रूममध्ये बसायच्या, प्रोफेसर आले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायच्या आणि त्यांच्याच मागून बाहेर पडायच्या. बाकीचे प्रोफेसर दारावरून तसेच पुढे जात. सर मात्र थांबत, एकदा खाकरत, “चला, बाई” म्हणत आणि सावकाश चालत.

त्या वर्षी फर्स्ट इयरला एकच मुलगी होती. कराडकडच्या खेड्यातली, पलटणीतून परतलेल्या एका हवालदाराची. हुशार होती, पण बाप पुढे शिकवायला राजी नव्हता. तिचे हेडमास्तर सरांचे मित्र. त्यांच्या सांगण्यावरून सर सुट्टीत तिच्या गावी गेले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, “मी आहे ना.” मुलगी सांगलीला मावशीकडे येऊन राहिली.

पहिल्या दिवसापासून पोरांनी ताल धरला. ती वर्गात शिरली की तिच्या पावलागणिक बाकांखाली बूट आपटायचे, मागून शीळ यायची. सर पुस्तक मिटून म्हणत, “आपण थांबू.” पोरं थांबायची, पुस्तक उघडलं की पुन्हा सुरू. शेजारच्या वर्गात माझं डोकं भडकायचं.

“एकाला तरी बाहेर काढा, सर.”

“अजून मिसरूड फुटायचंय हो त्यांना. समजावलं की समजतील.”

इतका चांगला माणूस आणि इतका भाबडा, याचा मला संताप यायचा.

मग एके दिवशी फळ्यावर तिच्या नावापुढे जे लिहिलेलं निघालं, ते मी आजही सांगणार नाही. सरांनी ते उपरण्यानंच पुसलं. अक्षर त्यांनी ओळखलं होतं. प्रिन्सिपॉलांनी नाव मागितलं, तर हे देईनात. “रस्टिकेट झाला तर दुसरं कॉलेज त्याला दारात उभं करणार नाही. मी बोलतो त्याच्याशी.” बोललेही. पोरगा रडला, पाया पडला. त्याच आठवड्यात फळ्यावर पुन्हा तेच आलं, त्याच अक्षरात.

तिच्या मावशीनं गावी कळवलं आणि हवालदार आले. लेडीज रूमच्या दाराशी तिघं उभी होती. मी जिन्यात होतो.

“आवं सर, तुमी हाय म्हणून पाठिवली हुती.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सर उपरण्याचं टोक हातात धरून नुसते उभे. मग मुलगीच बोलली.

“कुणी लिहिलं ते तुम्हाला ठाऊक आहे ना, सर?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“तो वर्गात बसणार?”

सर वर्गाच्या दाराकडे बघू लागले.

“मग मी कुठं बसू?”

“चल गं,” बाप म्हणाला. जाताना त्यानं सरांना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून बघवत नाही.

दुपारी सरांनी प्रिन्सिपॉलांना नाव दिलं. पोरगा गेला. मुलगी काही परत आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. नाव आधी दिलं असतं तर ती राहिली असती का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. वर्गात आता चिडीचूप असे. सर सवयीनं त्या दाराशी थांबायचे, खाकरायचे, आणि भानावर येऊन पुढे जायचे. “मी आहे ना” मात्र पुन्हा कुणी ऐकलं नाही. वर्षअखेरीला ते नोकरी सोडून साताऱ्याला भावाकडे निघून गेले.

जूनमध्ये दोन मुली आल्या. वर्ग माझा होता. एकीचा बाप लेडीज रूमच्या दाराशी हात जोडून म्हणाला, “पोरीकडं लक्ष असू द्या, सर.”

शब्द अगदी ओठांवर आले होते. बोलवेना. मी नुसता खाकरलो, आणि त्या बाहेर येईपर्यंत तिथंच थांबलो.