सपोर्ट संपला म्हणे

लॅपटॉप उघडला की आधी ती निळी पाटी यायची. तुमच्या सिस्टीमचा सपोर्ट संपला आहे, नवी घ्या. मी फुली दाबायचे आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर, नको म्हटलं तरी दारातून न हलणाऱ्या विक्रेत्यासारखी. सपोर्ट संपला म्हणे. इतकी वर्षं कसला सपोर्ट देत होते कोण जाणे, मला तर कधी जाणवला नाही.

मी येरवड्यात घरी बसून मराठी कंपोजिंग करते. पुस्तकं, लग्नपत्रिका, स्मरणिका, जे येईल ते. शिकले टाइपरायटरवर, आणि पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला धावायला लागला तेव्हा तीच बोटं घेऊन मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसले. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्या काळातलं. त्याची अक्षरंही त्याचीच. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. ज्यांनी ते बनवलं त्यांनी कधीच दुकान गुंडाळलं, आणि नव्या सिस्टीमवर ते चालत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मुलाला समजावता समजावता माझा घसा बसला.

मुलगा हिंजवडीत इंजिनिअर आहे. रोजच्या ट्रॅफिकला वैतागून तिकडेच मित्रांबरोबर राहतो आणि रविवारी घरी येतो. आला की आधी माझ्या लॅपटॉपकडे बघून तोंड वाकडं करणार.

"आई, धिस इज नॉट सेफ. एक दिवस हा बंद पडणार आणि सगळं जाणार. अपग्रेड करून टाकू ना."

"आणि बाबांचं पुस्तक?"

"कन्व्हर्ट होईल गं. टेन्शन काय घेतेस?"

टेन्शन काय घेते म्हणे. बाबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी नागपूरकडून पुण्याला आले, खडकीला कारखान्यात आयुष्य काढलं, आता माझ्याकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत. दोन वर्षं ते खुर्चीत बसून स्वतःची हकिकत सांगत होते आणि मी टाइप करत होते. ती सगळी या लॅपटॉपमध्ये, याच जुन्या अक्षरांत. पेनड्राइव्हवर कॉपी होती, पण ती उघडायलाही हाच लॅपटॉप लागायचा. म्हणजे कुलपं दोन आणि किल्ली एक. सिस्टीम बदलली आणि अक्षरं फुटली तर पुस्तक गेलं. नाही बदलली आणि लॅपटॉप बसला तरी पुस्तक गेलंच. बाबा पुन्हा पहिल्यापासून सांगतील असं त्यांचं वय राहिलेलं नाही.

नगर रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "मॅडम, हा आता भंगारवालापण घेणार नाही."

"मी विकायला आणलाय असं म्हटलं का?" मी विचारलं. तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

मुलाने दुसरी शक्कल काढली. नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांत लिहायचं, ते आपोआप मराठी होतं. म्हणजे 'आई' लिहायला मी ए, ए, आय दाबायचं. माझी बोटं न बघता मराठी लिहितात. त्यांना मी आता या वयात इंग्रजीच्या दारातून मराठीत शिरायला लावू? माझं डोकं असं सणकलं की त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग एका रविवारी तो फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊन बसला. कुठल्याशा कन्व्हर्टरमधून काढली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "डन. ऑल ओके. आता करू ना अपग्रेड?"

मी पहिलं पान वाचलं. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसलेल्या, जोडाक्षरं मोडलेली.

"तू वाचलंस हे?"

"वाचायचं काय त्यात? चेक केलं ना मी. मराठी दिसतंय की."

मराठी दिसतंय. माझ्या वडिलांचं आयुष्य, आणि याने ते बघितलं. भिंतीचा रंग बघावा तसं. मी जे बोलायला लागले ते शेजारणीने खिडकी लावून घेईपर्यंत बोलत होते. याला इंग्रजी शाळेत घातलं ते खरं. तेव्हा आमच्या वस्तीत ज्याला जमेल तो घालत होता. बरोबरच केलं, मला त्याचा काडीचा पश्चात्ताप नाही. त्या इंग्रजीवर आज तो खातोय. पण घरात मराठी वाचायला काय बंदी होती? मराठी पुस्तकांनी कपाट भरलंय. त्याने कधी एक उघडलं असेल तर शपथ.

"आई, पास झालो होतो मी मराठीत," तो म्हणाला.

"उपकार झाले आमच्यावर."

बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "तपासायचंच आहे ना? मग त्याला वाचू दे. मलाही ऐकायचंय."

मुलाला वाटलं, सुटलो. त्याने काहीतरी दाबलं आणि लॅपटॉपमधून एक बाई बोलायला लागली. सपाट आवाजात, मोडकी अक्षरं मोडकीच म्हणत. बाबांनी कान दिला.

"कोण बाई आहे ही?"

"कोणी नाही आजोबा, मशीन आहे."

"मग थांबव तिला. तू वाच."

मी माझा जुना लॅपटॉप त्याच्यासमोर आणून आदळला. म्हटलं, "यावरून वाचायचं, मोठ्याने, अक्षर न् अक्षर. आणि तुझ्या त्या नव्यावर जिथे चुकलंय तिथे मला दाखवायचं, मी दुरुस्त करीन. पूर्ण पुस्तक वाचून झालं की कर अपग्रेड. तोवर माझ्या मशीनला हात लावलास तर याद राख."

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा वाट बघत होते. मग त्याने वाचायला घेतलं.

"आमच्या... घ-रा-त... माझ्या... आधी... कोणा... कोणालाच... अ, अक्ष..."

अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकला. पुढचं मला पाठ होतं, बाबांनी सांगितलेलं आणि मीच टाइप केलेलं. आमच्या घरात माझ्या आधी कोणालाच अक्षर येत नव्हतं. शाळेत मी अडकलो की घरी विचारायला कोणी नसायचं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. बाबांनी हात वर करून मला गप्प केलं.

"घाई नाही," ते नातवाला म्हणाले. "मलाही असंच व्हायचं. बोट ठेवून वाच."

सव्वीस वर्षांच्या इंजिनिअरने स्क्रीनवर बोट ठेवलं.