सायलेन्सरमधली माती

कारध्याच्या आमच्या शेतात दरवर्षी धान निघाल्यावर एक बांधी, म्हणजे बांधांमधला एक तुकडा, मी लाखोरीची डाळ न पेरता मोकळी ठेवायची. कशासाठी, तर पुण्याहून येणाऱ्या मोठ्या भावाचं विमान उतरायला. रिमोटवर उडणारं, तीन हात पंखांचं ते विमान वर्षभर माझ्याच घरी धानाच्या कोठीवर पडून असायचं. धूळ मी झटकायची. आई सात महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. ती गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मात्र चार दिवसांची मिळाली.

त्या वर्षी मी विमानाला हातही लावला नव्हता.

सकाळी बांधीत त्यानं टाकीत इंधन भरलं, प्लगला बॅटरी लावली आणि बोटानं पंखा फिरवला. इंजिन एकदा फट् करून गप्प झालं. पुन्हा फिरवला. पुन्हा फट्.

"प्लग गेला असंल," मी म्हणाले.

"तुझा फवारणीचा पंप नाही हा," तो म्हणाला. "धर फक्त शेपटी."

मी बांधीच्या कडेच्या धुऱ्याजवळ उकिडवी बसून शेपटी धरली. त्यानं प्लग काढून पुन्हा बॅटरीला लावून पाहिला. आतली तार लालबुंद झाली, म्हणजे प्लग ठीक होता. पण तो इंधनानं ओला निघाला. इंधन जास्त येतंय म्हणून त्यानं इंधन कमी-जास्त करायची सुई आवळली. फट्. मग इंधनच जुनं म्हणून सगळं ओतून दिलं आणि नवा डबा फोडला. त्यातल्या एरंडेलाचा वास सुटला. फट्.

"वर्षभर नीट ठेवायले का झालं होतं तुले?" तो भडकला. "एवढंसं काम होतं!"

"आईले उलथीपालथी करून राहिली होती मी. तुझं विमान कोण पाहीन?"

"आईचा अन् विमानाचा काय संबंध? दर वेळी तेच तेच काढते!"

मी मान खाली घातली, तेव्हा सायलेन्सरचं तोंड दिसलं. कुंभारीण माशीनं ते मातीनं गच्च लिंपून टाकलं होतं. धूर बाहेर पडायला वाटच नव्हती. माझ्या पंपाचंही एकदा असंच झालं होतं. एका काडीचं काम.

मी बोलले नाही. शेपटी धरून बसले. त्यानं प्लग बदलला, नळ्या फुंकून पाहिल्या, टाकी उघडली, मला दोनदा मूर्ख म्हणाला. ऊन चढलं. त्याच्या शर्टाची पाठ भिजली आणि मला ते बघून बरं वाटत होतं, हे खरं आहे.

मग चिडून त्यानं जोरात पंखा फिरवला. इंजिनानं उलटा झटका दिला. पात्यानं बोट फाडलं आणि रक्त पांढऱ्या पंखावर उडालं.

"सायलेन्सरात माती हाय," मी म्हणाले.

बोट मुठीत दाबून त्यानं वाकून पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू आईचा काय संबंध म्हणला ना, तवापासून."

मला वाटलं हात उचलेल. त्यानं खिशातला रुमाल बोटाला गुंडाळला, कापलेल्या धानाचं एक खुट उपटलं आणि डाव्या हातानं माती कोरून काढली. इंजिन पहिल्याच फिरकीत सुरू झालं. त्या कर्कश आवाजात तो काही बोललाही असेल, मला ऐकू आलं नाही. त्यानं ते उडवलं नाही. इंधनाची नळी चिमटीत धरून बंद केलं, पंख सुटे केले आणि सगळं गाडीत भरलं. जेवण तयार होतं. तो घरात आला नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा कळलं, चार टाके पडले. "तुम्ही मुद्दाम केलं म्हणतात हे," ती म्हणाली. मी नाही म्हटलं नाही.

टाक्यांचं मला वाईट वाटतं. गप्प बसल्याचं अजून वाटत नाही. पुढच्या हंगामात त्या बांधीत मी लाखोरी पेरली.