अक्काची कच्ची केळी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी उणकलच्या घरी धुणं वाळत घालत होते. दवाखान्यातून तिचा मुलगा, माझा भाचा, बोलत होता. "मावशी, आई बोलता बोलताच थांबली गं..." हृदय बंद पडलं होतं.

माझी ही थोरली बहीण सप्तापुरात विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे द्यायची. केळीवर तिचा फार भरवसा. जुलाब झाले की उकडलेलं कच्चं केळ, पोट साफ होत नसलं की पिकलं केळ तुपासोबत. परीक्षेत कुणी वाळलेलं दिसलं की वाटीभर शिकरण. ताकात भिजवलेल्या केळफुलाची भाजी तर मुलं मागून घ्यायची. "केळीचं काही वाया जात नाही, माणसाचंच जातं," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

गेल्या वर्षी तिचे पाय सुजू लागले. मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टर कन्नडमधून म्हणाले, "बाळेहण्णु तिन्नब्याडरी." केळं खाऊ नका. तिने मान हलवली. पण कन्नडात हण्णु म्हणजे पिकलेलं. कच्चं ते कायी. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "हण्णु नको म्हणाले. कायीचं नाव तरी काढलं का?"

"तसं नसेल गं... परत विचारू या?"

"कोण, तू विचारणार? दुकानात मीठ मागायला लाजतेस!"

त्यानंतर पिकल्या केळाला तिने एकादशीलाही हात लावला नाही. कच्च्या केळाची भाजी मात्र रोज. केळी उकडल्याचं पाणीसुद्धा आमटीत घालायची, सत्त्व त्यातच असतं म्हणून. सूज गुडघ्यापर्यंत चढली. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. पुढे विळीवर हात थरथरू लागला. "अशक्तपणा आलाय," म्हणत ती आणखी एक केळ चिरायची... ती गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पोटॅशियम रक्तात साठलं होतं, त्यानेच हृदय थांबलं, आणि ते कच्च्या केळातही असतंच.

सुतकात तिच्या घरी चूल पेटली नव्हती. बाराव्याला मी आणि भाच्याने स्वयंपाकघर उघडलं, तर गोड वास एकदम अंगावर आला. ओट्याखालच्या बुट्टीत केळी होती, पिवळीजर्द, काही काळी पडलेली.

भाचा चिडला. "हण्णु कुणी आणली घरात? नको म्हणालेले ना डॉक्टर!"

"कुणी नाही रे," मी म्हणाले. "तिने आणली तेव्हा ती कायीच होती."