कार्टूनमधल्या कुत्र्याचे चिखलातले पाय

"सर, कुत्रा बोलेल, पण चालणार नाही," मी हेडफोन काढून म्हणाले.

माणिकपूरला आमचा दोन खोल्यांचा डबिंग स्टुडिओ होता. पाटकर सर मालक, मी साउंड रेकॉर्डिस्ट. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका चॅनेलसाठी जुनं विदेशी कार्टून आम्ही हिंदीत करत होतो. एक जाडा कुत्रा, एक हाडकुळी मांजर, दोघंही डिटेक्टिव्ह. ते भिंग घेऊन पुढे बघायचे आणि चोर त्यांच्या मागून चालायचा.

डबिंगला दोन ट्रॅक लागतात. एकावर मूळ संवाद, दुसऱ्यावर संगीत आणि बाकीचे आवाज. संवाद काढून तिथे आपले कलाकार बोलतात, दुसरा ट्रॅक तसाच राहतो. चौथ्या एपिसोडच्या टेपवर या दुसऱ्या ट्रॅकमध्ये फक्त संगीत होतं. पावलं, दारं, काहीच नाही. आणि अर्धा एपिसोड दलदलीत!

टेप दुसऱ्या दिवशी द्यायची होती. चॅनेलच्या सक्सेना मॅडम फोनवर म्हणाल्या, "नहीं होता तो बोल दीजिए. पूरी सीरीज अंधेरी के स्टुडिओ को दे देंगे."

"होगा," मी म्हणाले. मला फोली येत होती. फोली म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत तयार करणं.

दारं आणि झटापट सकाळीच उरकली. चिखलासाठी टबात पाणी भरून हात आपटले. मॅडमना फोनवर ऐकवलं.

"ये कीचड है? लगता है कोई बाथरूम में नहा रहा है."

दोन तास वेगवेगळ्या तऱ्हेने पाणी आपटलं. आवाज तोच.

दुपारी सिसिलिया मावशी आल्या. पाचूबंदर कोळीवाड्यातल्या; आमच्या इमारतीत मासे विकायच्या. मॉनिटरवर कुत्रा चालत होता. टोपली दाराशी ठेवून त्या बघू लागल्या.

"बाय, हा पान्यात कशाला वाजतो? चिखलात हाय ना?"

"मग चिखल कसा वाजतो, मावशी?"

"पाय आत जातो तवा काय वाजत नाय. भायेर काढतो तवा वाजतो. ओहोटीला होडीपर्यंत मी जाते ना!"

मी पाय टेकताना आवाज देत होते. चूक तिथे होती.

टबात रद्दी भिजवून लगदा केला. मावशींनी हात स्वच्छ धुतले आणि माइकसमोर बसल्या. कुत्र्यासाठी मुठी लगद्यात रोवून बाहेर उपसायच्या, मांजरीसाठी दोन बोटं. पहिले दोन टेक चित्राच्या मागे पडले. तिसरा उत्तम चालला होता, इतक्यात मावशी ओरडल्या, "अगो, चोर मागं हाय!"

टेक फुकट. पाटकर सर खुर्चीत वाकून हसत होते. चौथा मात्र बसला.

संध्याकाळी मॅडमना पुन्हा ऐकवलं.

"ये कैसे किया?"

"पहले गलत किया था, मॅडम."

"ठीक है. टेप भेजिए."

सीरीज आमच्याकडेच राहिली. पुढे दुसऱ्या स्टुडिओंतले असे मुके एपिसोडही येऊ लागले. त्यातल्या तीन-चार एपिसोडमध्ये मावशींनी हात चालवले. कामाच्या शीटवर सरांनी त्यांचं नाव माझ्या नावाच्या वर लिहिलं. मी हरकत घेतली नाही.

तेव्हापासून मी एक करते. ज्याचा आवाज हवा, त्यातून रोज चालणाऱ्या माणसाला आधी विचारते. माइक त्यानंतर लावते.